उपेक्षित तिसरा पाद



चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी ते पाठ केले, उत्तरपत्रिकेत लिहिले आणि गुण मिळविले. पुढे दवाखाना थाटल्यावर मात्र आपला सारा भर पहिल्या दोन पादांवरच राहिला. तिसरा पाद, म्हणजे परिचारक, हा आपल्या व्यवहारात जवळजवळ अनुल्लेखित आहे. उपचारांचे ज्ञान, हातातील कौशल्य, रुग्णाविषयी ममत्व आणि स्वच्छता असे चार गुण आचार्यांनी परिचारकाच्या अंगी अपेक्षिले. यांतील ममत्व बहुतेक घरांत असतेच. उरलेले तीन गुण कोणीतरी शिकवावे लागतात. ते शिकविण्याचे काम आपले आहे आणि आपण ते करीत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत ज्या रुग्णांमुळे बनले ते रुग्ण म्हणजे बारामती व इंदापूर तालुक्यांतील दोन प्रकारची मुले. पहिला प्रकार स्पायना बायफिडाचा. यात गर्भावस्थेतच कण्याची मागील बाजू जुळून येत नाही, बहुधा कमरेवर गाठ घेऊन मूल जन्मते, आणि त्या पातळीखालील हालचाल, संवेदना, मल व मूत्र यांवरील ताबा कमीअधिक प्रमाणात नष्ट होतो. दुसरा प्रकार सेरेब्रल पाल्सीचा. यात वाढत्या मेंदूला गर्भात, प्रसूतिसमयी किंवा जन्मानंतरच्या काळात इजा होऊन स्नायूंचे नियंत्रण कायमचे बिघडते. हजार जिवंत जन्मांमागे साधारण २ ते ३ मुलांत हा विकार आढळतो. ही मुले आपल्याकडे येत नाहीत असे समजू नये. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया व निदान झाल्यावर, 'आता घरी व्यायाम करा' असे ऐकून परतलेले पालक पुढची आशा घेऊन आपल्याच दारात येतात.

आमच्या हातून घडलेली चूक

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इंदापूर तालुक्यात आम्ही नुकताच दवाखाना सुरू केला होता. सहा वर्षांच्या एका मुलास कडेवर घेऊन त्याची आई आली. जन्मतः पाठीवर असलेली गाठ शस्त्रक्रियेने दुरुस्त केलेली होती. दोन्ही पाय लुळे होते आणि लघवी सतत झिरपत असे. आम्ही वातव्याधीचा विचार करून अभ्यंग व वालुका पोट्टली स्वेद योजिला. आमच्या साहाय्यकाने वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवून पोटऱ्यांना शेक दिला. मूल हसत होते. आई कौतुकाने म्हणाली, "पोरगं लई शहाणं हाय डॉक्टर, कधी रडत न्हाय." आम्हांलाही त्याचे कौतुकच वाटले.

सायंकाळी तिने मुलाला परत आणले तेव्हा दोन्ही पोटऱ्यांवर मोठे फोड आले होते. एका बाजूचा दाह खोलवर गेला होता. ती जखम भरण्यास जवळजवळ चार महिने लागले. मूल शहाणे होते हे खरे. पण ते रडले नाही याचे कारण वेगळे होते. त्याला पोटरीवर काही कळतच नव्हते. संज्ञानाश आहे काय, हे पाहण्यासाठी एक कापसाचा बोळा आणि एक मिनिट पुरेसे होते. आम्ही ते मिनिट दिले नाही. त्या आईने आम्हांस दोष दिला नाही, आणि त्यामुळेच ती गोष्ट आमच्या मनातून कधी गेली नाही.

ही चूक आम्ही येथे मांडतो ती पश्चात्तापाच्या प्रदर्शनासाठी नव्हे. खासगीत विचारले असता अनेक समव्यवसायी मित्रांनी असेच अनुभव सांगितले आहेत, आणि ते कोठेही लिहिले जात नाहीत, म्हणून मांडतो.

स्वेदनापूर्वी संज्ञा पाहावी

यावरून पहिला नियम असा की, स्पायना बायफिडाच्या मुलास संज्ञाहीन भागावर कोणताही उष्ण उपचार करू नये. वालुकास्वेद नको, नाडीस्वेद नको, पिंडस्वेद नको आणि गरम पाण्याची पिशवीही नको. अभ्यंगाचे तेल कोमट आहे की नाही हे वैद्याने वा आईने स्वतःच्या कोपरावर पाहावे. मुलाच्या चेहऱ्यावर पाहू नये. हाच धोका घरीदारी सर्वत्र असतो. दुचाकीवर पुढे बसविलेल्या मुलाच्या पायास सायलेन्सर लागतो, उन्हाने तापलेल्या पत्र्यावर वा फरशीवर मूल सरपटते, चहाचा पेला मांडीवर सांडतो. दररोज सायंकाळी उजेडात टाचा, घोटे, गुडघे, माकडहाड आणि बैठकीची जागा पाहणे, लाली दिसल्यास तेथील दाब काढणे, हे आईस एकदा हात धरून दाखवावे. दाबाने झालेला व्रण भरण्यास महिने लागतात. टाळण्यास रोजची दोन मिनिटे लागतात.

दुसरा नियम मर्दनाविषयी. न चालणाऱ्या मुलांची हाडे ठिसूळ असतात. जोर लावून केलेल्या मर्दनाने किंवा ताणाने मांडीचे हाड मोडू शकते, आणि संज्ञा नसल्यामुळे मूल तक्रार करीत नाही. अभ्यंगानंतर एखादा पाय अकस्मात सुजला, गरम व लाल झाला तर त्यास शोथ म्हणून लेप लावण्याआधी क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

तिसरा नियम शिरोजलाविषयी. यांतील अनेक मुलांच्या डोक्यात पाणी साठत असल्याने मेंदूपासून पोटात उतरणारी नळी, म्हणजे शंट, बसविलेली असते. अशा मुलास वारंवार उलटी, डोकेदुखी, असाधारण झोप, चिडचिड, बुबुळे खाली वळणे किंवा आकडी यांपैकी काही झाले, तर ते अजीर्ण वा छर्दी समजून औषध देत बसू नये. नळी बंद पडली असण्याची शक्यता गृहीत धरून त्याच दिवशी, त्याच तासाला मुलास न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात पाठवावे. तीव्र मलावरोधानेही या नळीच्या कार्यात अडथळा येऊ शकतो. म्हणून मलप्रवृत्ती नियमित ठेवणे हा या मुलांत केवळ सोयीचा प्रश्न नाही. जेवणानंतर ठराविक वेळी मुलास बसविण्याची सवय, पुरेसे पाणी, आहारातील तंतू आणि मृदू अनुलोमन एवढ्याने बरेच साधते. बस्तीचा विचार मात्र शंट असलेल्या मुलात त्याच्या शल्यचिकित्सकाशी बोलल्याखेरीज करू नये.

वेग नाही तेथे घड्याळ

चरकाचार्यांनी वेगधारणाचे दोष सविस्तर सांगितले. या मुलांची अडचण याहून वेगळी आहे : त्यांस मूत्रवेग जाणवतच नाही. मूत्राशय भरून वाहतो, पण रिकामा होत नाही. आत साचलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग होतो, दाब वाढून मूत्र उलटे वृक्कांकडे चढते, आणि काही वर्षांत वृक्क निकामी होतात. पायांचे लुळेपण सर्वांना दिसते. मुलाचे आयुष्य ठरविणारी ही हानी कोणास दिसत नाही.

१९७२ हे साल आपल्या भागात दुष्काळाचे साल म्हणून स्मरणात आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील मूत्रशल्यचिकित्सक जॅक लॅपिडिस यांनी एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. ठराविक वेळाने स्वच्छ धुतलेल्या हातांनी बारीक नळी घालून मूत्राशय रिकामा करावयाचा आणि नळी काढून घ्यावयाची. त्यासाठी निर्जंतुक शस्त्रक्रियागृह लागत नाही. स्वच्छता आणि वक्तशीरपणा लागतो. साधारणतः दिवसा दर तीन ते चार तासांनी हे करावे लागते, आणि मूल सात-आठ वर्षांचे झाल्यावर पुष्कळदा ते स्वतःही शिकते. उत्तरबस्ती ज्या शास्त्रास परकी नाही त्या शास्त्राच्या वैद्यास या नळीचे वावडे असण्याचे कारण नाही. तरीही 'नळी लावली की सवय लागते, आम्ही काढ्याने लघवी सुरळीत करू' असे सांगून नळी सोडावयास लावणारे वैद्य आमच्या पाहण्यात आहेत. गोक्षुर, पुनर्नवा यांचे गुण आम्ही अमान्य करीत नाही; परंतु ज्या मूत्राशयास मज्जातंतूंचा आदेशच पोहोचत नाही तो काढ्याने रिकामा होईल अशी अपेक्षा ठेवणे शास्त्रास धरून नाही. अशा सल्ल्याची किंमत वृक्कांच्या रूपाने मूल मोजते.

येथे एक बाब औषधविक्रेत्यांनीही ध्यानी घ्यावी. वारंवार शस्त्रक्रिया आणि रबराचा संपर्क यांमुळे स्पायना बायफिडाच्या मुलांत लेटेक्सची तीव्र ॲलर्जी उत्पन्न होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून लाल रबरी नळी आणि लेटेक्सचे हातमोजे यांऐवजी पीव्हीसी वा सिलिकॉनची नळी व लेटेक्सविरहित मोजे त्यांच्यासाठी ठेवावेत. बस्तिकर्मासाठी आपण वापरतो त्या रबरी नळ्यांनाही हाच नियम लागू आहे. फुगेसुद्धा या मुलांना देऊ नयेत.

घास, श्वास आणि नस्य

आता सेरेब्रल पाल्सीकडे वळू. या मुलांच्या मृत्यूचे एक मोठे कारण फुप्फुसांचे विकार हे आहे, आणि त्यांचे मूळ पुष्कळदा गिळण्याच्या दोषात असते. बारामती तालुक्यातील एका घरात चार वर्षांची मुलगी होती. हातपाय ताठ, मान धरत नव्हती, वजन अत्यल्प. आजी तिला मांडीवर आडवी घेऊन, मान मागे टाकून बोंडल्याने पातळ पेज पाजीत असे, आणि कोणीतरी सांगितल्यावरून रोज नाकात तेलाचे थेंब सोडीत असे. मुलीस पावसाळ्यात आणि थंडीत वारंवार न्यूमोनिया होई. आजीच्या मायेत काहीही उणे नव्हते. उणीव होती ती तिला कोणी काही दाखविले नव्हते याची.

गिळण्यास असमर्थ असलेल्या मुलाच्या नाकात सोडलेले तेल वा तूप श्वासमार्गात उतरते, फुप्फुसांत साचते आणि तेथे एक विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया उत्पन्न करते. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदविले आहेत. नस्यकर्म हे आपले प्रभावी शस्त्र आहे यात वाद नाही. पण शस्त्र कोठे चालवू नये हे ज्यास कळत नाही त्याच्या हाती ते देऊ नये. गिळताना ठसका लागणाऱ्या, लाळ न गिळू शकणाऱ्या मुलास नस्य देऊ नये, आणि जबरदस्तीने तोंडात ओतून घृतपानही करवू नये, असे आम्ही निक्षून सांगतो.

त्या आजीस आम्ही चार गोष्टी दाखविल्या. मुलीस सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी, घास पातळ न देता मऊ व दाट द्यावा, लहान चमच्याने द्यावा व पहिला घास गिळल्याची खात्री होईपर्यंत दुसरा देऊ नये. जेवणानंतर अर्धा तास उभट धरावे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मुलीस रुग्णालयात न्यावे लागले नाही. एका मुलीवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे आम्ही जाणतो. परंतु ज्या उपायास खर्च नाही आणि अपाय नाही तो सांगण्यासाठी सिद्धान्ताची वाट पाहावी लागत नाही.

अपस्मार हा या मुलांचा आणखी एक सोबती. 'आमचे औषध चालू असताना इंग्रजी गोळी बंद करा' हे वाक्य आपल्यापैकी कोणाच्याही तोंडून पुन्हा निघू नये. आकडीची गोळी अकस्मात थांबविल्यास आकडी न थांबता चालू राहून प्राणावर बेतते. तसेच पारद, नाग आदी धातूंचे कल्प वाढत्या मेंदूच्या मुलास दीर्घकाळ देण्याचे धाडस कोणीही करू नये. आणखी एक गोष्ट : बोलता न येणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे. सेरेब्रल पाल्सीच्या अनेक मुलांची आकलनशक्ती चांगली असते. त्यांच्यादेखत पालकांशी त्यांच्याविषयी निराशेचे शब्द बोलणे थांबवावे.

काश्यपांचा रथ आणि आपला पांगुळगाडा

'हे सारे पाश्चात्त्यांचे. यात आयुर्वेदाचे काय?' असा प्रश्न येईल. कौमारभृत्य हे आपल्या अष्टांगांपैकी एक अंग आहे. काश्यपसंहितेत फक्क रोगाचे वर्णन आहे : वर्षाचे होऊनही पायांवर न चालणारे मूल. त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि स्नेहनादी उपचारांबरोबरच चालण्याच्या सरावासाठी तीन चाकांचा फक्करथ सांगितला आहे. आपल्या खेडोपाडी सुतार जो पांगुळगाडा बनवितो तो याच कुळातला. काश्यपांनी औषध दिले आणि सुतारासही कामाला लावले. मुलाने स्वतः, स्वतःच्या बळाने, साधनाच्या आधारे हालचाल करावी हा त्यामागील विचार आज आधुनिक संशोधनाशी जुळतो. ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये घेतलेल्या विस्तृत आढाव्याचे सारही तेच होते की, मुलाने स्वतः करावयाचा, हेतू ठरवून केलेला सराव गुणकारी असतो. मूल निष्क्रिय पडून असताना इतरांनी केलेल्या क्रियांनी त्याची कार्यक्षमता फारशी वाढत नाही.

याचा अर्थ अभ्यंग निरर्थक असा नव्हे. हळुवार अभ्यंगाने मुलास सुख वाटते, झोप लागते, आईचा हात मुलाशी बोलू लागतो. पण एकवीस दिवसांच्या पंचकर्मात मूल चालू लागेल असे सांगून गरीब पालकांकडून हजारो रुपये घेणे आणि दिवसाचे उरलेले तेवीस तास मूल कसे बसते, कसे निजते, कसे जेवते याविषयी अवाक्षरही न काढणे, हे चिकित्सेत बसत नाही. गावच्या सुतारास सांगून भिंतीच्या कोपऱ्याच्या आकाराची, समोर फळी असलेली खुर्ची करवून घ्यावी. मूल तीत सरळ बसले की त्याचे हात मोकळे होतात, त्यास घर दिसू लागते. पांगुळगाडा मात्र सरसकट सर्वांना नाही. मान व धड सावरू न शकणाऱ्या मुलास तो अपायकारक ठरतो. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एकतृतीयांश मुलांत खुब्याचा सांधा सरकू लागतो, म्हणून साधन ठरविण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टचे व अस्थितज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. डेव्हिड वर्नर यांनी १९८७ मध्ये खेड्यांतील अपंग मुलांसाठी लिहिलेल्या 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रेन' या ग्रंथात अशा साधनांच्या कितीतरी आकृत्या आहेत. तो प्रत्येक ग्रामीण दवाखान्यात असावा असे आम्हांस वाटते.

'आम्ही नाही म्हटले तर पालक दुसऱ्याकडे जातील' असे काही मित्र म्हणतात. काही जातील. सुश्रुताचार्यांनी याप्य व्याधीची उपमा कोसळू पाहणाऱ्या घराशी दिली आहे; नीट लावलेल्या टेकूने ते घर उभे राहते. आपण नवे घर बांधून देऊ असे वचन देत राहिलो आणि टेकूही दिला नाही, तर दोष व्याधीचा उरत नाही.

आईची पाठ

बारामतीपासून पुणे सुमारे १०० किलोमीटर आणि इंदापूरपासून सुमारे १४०. आठवड्यातून दोनदा व्यायामोपचारासाठी मूल घेऊन जाणे मजुरी करणाऱ्या आईस अशक्य आहे. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी भागांतून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची स्थिती तर याहून बिकट. सहा महिने कोपीत, सहा महिने गावी. दोन्हीकडच्या तपासणीतून त्यांचे मूल सुटण्याचा संभव असतो.

या आया आपल्याकडे बहुधा स्वतःच्या कटिशूलासाठी येतात. आम्ही आता कंबरदुखीच्या प्रत्येक स्त्रीस विचारतो, "ताई, घरात कोणाला उचलावे लागते का?" अनेकदा तिच्या उत्तरातूनच आजवर कोणास न दाखविलेले मूल आम्हांस कळते. बारा-चौदा वर्षांचे मूल कमरेत वाकून उचलणारी ही स्त्री थकली की चिकित्सेचा तिसरा पाद मोडतो. उचलण्याची योग्य रीत, घरातील इतरांनी पाळीपाळीने घ्यावयाचा भार आणि तिची झोप, यांचा विचार मुलाच्या चिकित्सापत्रातच व्हावा. वडिलांसही एकदा दवाखान्यात बोलवावे. परिचर्या हे बायकांचे काम, ही समजूत कोणत्याही संहितेत नाही.

पालकांस हक्कांची माहितीही द्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये सेरेब्रल पाल्सी हे स्पष्टपणे दिव्यांगत्व मानले आहे. स्पायना बायफिडामुळे आलेले पंगुत्व चलनविषयक दिव्यांगत्वात मोडते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या मुलास १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. युडीआयडी कार्ड काढण्यास उशीर करू नये.

प्रतिबंधाची संधी आपल्याच हाती

गर्भसंस्कार व अपत्यप्राप्तीसाठी आपल्याकडे जितक्या स्त्रिया येतात तितक्या गर्भधारणेपूर्वी क्वचितच अन्य कोणाकडे जात असतील. मेंदू व कणा घडविणारी नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पुष्कळदा स्त्रीस दिवस गेल्याची खात्री होण्याआधीच. म्हणून फॉलिक आम्ल गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना सुरू व्हावयास हवे. सर्वसाधारण स्त्रीस रोज ४०० मायक्रोग्रॅम. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सात देशांतील अभ्यासात, आधी असे मूल झालेल्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यास पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. अशा स्त्रीस, तसेच आकडीसाठी व्हॅलप्रोएट घेणाऱ्या वा मधुमेही स्त्रीस, गर्भधारणेपूर्वीच तज्ज्ञाकडे पाठवावे. बीजशुद्धीचा आग्रह धरणाऱ्या वैद्याने ही एक गोळी सांगण्याचे टाळावे, याचे समर्थन आम्हांस करता येत नाही.

औषधालयांस विनंती

'सेरेब्रल पाल्सीवर रामबाण', 'लुळेपणा समूळ नष्ट' अशी वाक्ये वेष्टनांवर व पत्रकांवर दिसतात. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत मेंदूचे व मज्जासंस्थेचे विकार, पक्षाघात आणि अपस्मार ही नावे आहेत. त्यांवर इलाजाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, ज्या बापाने शेळी विकून ती बाटली घेतली त्याचा विचार करावा. धातुकल्प असलेली औषधे लहान मुलासाठी वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत, आणि नस्याच्या तेलावर 'गिळण्यास त्रास असलेल्या मुलास देऊ नये' अशी सूचना ठळक छापावी. याने खप घटणार नाही, विश्वास वाढेल.

संघटनेपुढे प्रस्ताव

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांतील वैद्यकीय अधिकारी हे आयुष पदवीधर असतात. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करणारे हे हात आपल्याच बांधवांचे आहेत. चार महिन्यांस मान न धरणारे, मुठी सतत आवळून ठेवणारे, वर्षाच्या आत एकच हात वापरणारे मूल त्यांच्या नजरेतून सुटता कामा नये. 'काही मुले उशिराच चालतात' हे वाक्य पालकांनी म्हणावे, वैद्याने नव्हे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी स्थापिलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटीने आणि पुढे डॉ. संतोष करमरकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्पायना बायफिडा फाउंडेशनने पालकांस शिकविण्याचा मार्ग दाखविला आहे. आपणांस नव्याने काही शोधावयाचे नाही.

आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, वर सांगितलेले निषेध व परिचर्येचे नियम एका पानावर मराठीत छापून संघटनेने प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात लावावेत. दुसरी, बारामती व इंदापूर येथे महिन्यातून एक दिवस परिचर्या वर्ग घ्यावा. तेथे फिजिओथेरपिस्ट, परिचारिका आणि अनुभवी आई यांनी शिकवावे व आपण शिकावे. तिसरी, चिकित्सेत घडलेले अपाय नाव न देता या अंकात प्रसिद्ध व्हावेत. त्याची सुरुवात आम्ही आज केली आहे.

तो मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. तीनचाकी चालवितो, दुकानात हिशेब लिहितो, नळी स्वतः घालतो. नळी त्याला आम्ही शिकविली नाही, मुंबईच्या एका रुग्णालयातील परिचारिकेने शिकविली. त्याच्या पोटरीवरचा व्रण अजून आहे. दवाखान्यात आला की तो पाय पुढे करतो व हसून म्हणतो, "डॉक्टर, आधी बघा, मग तेल लावा."

आम्ही आधी पाहतो. वाचकांनी आपले अनुभव व मतभेद संपादकांकडे अवश्य कळवावेत.